‘नेटवरून शोधून आणा’ एवढं सांगून भागत नाही



सहामाही सुट्टी जवळ आली किंवा विज्ञान प्रदर्शनाची तारीख जाहीर झाली की आपल्या सगळ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास येतं, “नेटवरून माहिती शोधून आणा.” मुलंही ऐकतात. बाबांचा मोबाइल घेतात, विषयाचं नाव टाकतात, वर आलेलं पहिलं पान उघडतात आणि जसंच्या तसं उतरवून काढतात. ज्यांना तेवढाही वेळ नाही ती कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात जातात. “काका, जलप्रदूषण द्या” म्हटलं की रंगीत मुखपृष्ठासकट दहा पानांचा तयार प्रकल्प हातात! आपण लाल पेनाने खूण करतो, गुण देतो आणि गठ्ठा कपाटात जातो.

या सगळ्या प्रवासात मूल शोधायला कुठे शिकलं?

माझं मत स्पष्ट आहे. इंटरनेटवर शोध घेणं हे वाचन, लेखन आणि गणितासारखं शिकवावं लागणारं कौशल्य आहे. मोबाइल सराईतपणे चालवता येणं म्हणजे ते कौशल्य येणं नाही. आणि ते शिकवायची सुरुवात विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांपासून करावी, कारण चुकीची माहिती सगळ्यात जास्त खरी वाटते ती इथेच. आकडे असतात, तक्ते असतात, जड इंग्रजी शब्द असतात. मोठी माणसंसुद्धा दबून जातात, मग आठवीतल्या मुलाचं काय!

विषय देऊ नका, प्रश्न द्या

“जलप्रदूषण”, “सौरऊर्जा”, “कृत्रिम उपग्रह” हे विषय आहेत. विषय दिला की मूल निबंध उतरवणार, कारण विषयाला उत्तर नसतं, त्यामुळे काहीही लिहिलं तरी चालतं. प्रश्नाला मात्र उत्तर लागतं. म्हणून मी आग्रहाने सांगेन की प्रकल्पाचं शीर्षक नेहमी प्रश्नाचं असावं, आणि त्या प्रश्नावर कुणाचा तरी निर्णय अवलंबून असावा.

उदाहरणार्थ, “आमच्या घरी आरओ फिल्टर घ्यायची गरज आहे का?”

हा प्रश्न मुद्दाम निवडला आहे. हल्ली शहरातच काय, खेड्यातही फिल्टर विकणारे दारोदार येतात. आपल्या नळाच्या पाण्यात दोन धातूच्या कांड्यांचं एक यंत्र बुडवतात आणि मिनिटाभरात पाणी तांबूस, गढूळ, किळसवाणं दिसायला लागतं. शेजारच्या ग्लासात त्यांच्या फिल्टरचं पाणी असतं, ते तसंच स्वच्छ राहतं. “बघा ताई, हे तुम्ही मुलांना पाजताय!” घरातली बाई घाबरते आणि हप्त्यावर बारा-पंधरा हजारांची खरेदी होते. त्या घरात आपला एक विद्यार्थी उभा असतो. त्याच्या पुस्तकात ‘विद्युत अपघटन’ हा शब्द आहे, पण समोर चाललेला प्रकार तोच आहे हे त्याला ओळखता येत नाही. या विषयात काय पणाला लागलेलं आहे ते इथे दिसतं.

पहिली पायरी : शब्द

शोध अडतो तो बहुतेक वेळा शब्दापाशी. बोअरच्या पाण्याला आपल्याकडे सर्रास ‘जड पाणी’ म्हणतात. आता मुलाने ‘जड पाणी’ असं टाकून शोधलं तर त्याला अणुभट्टीत वापरल्या जाणाऱ्या पाण्याची माहिती मिळते! कारण शास्त्रीय मराठीत जड पाणी म्हणजे ड्यूटेरियम या हायड्रोजनच्या जड प्रकारापासून बनलेलं पाणी. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याला पुस्तकी शब्द आहे ‘कठीण’ किंवा ‘दुष्फेन’ पाणी. मुलं हसतात, पण एकदा हसली की विसरत नाहीत.

म्हणून शोधाआधी दहा मिनिटं फळ्यावर तीन रकाने करावेत. घरी बोलतो तो शब्द, पुस्तकातला मराठी शब्द आणि इंग्रजी शब्द. टीडीएस म्हणजे ‘टोटल डिझॉल्व्हड सॉलिड्स’, मराठीत एकूण विरघळलेले घन पदार्थ. आरओ म्हणजे ‘रिव्हर्स ऑस्मोसिस’. तिन्ही रकान्यांतले शब्द आलटून पालटून टाकले की दिसणारी पानं किती बदलतात ते मुलांनाच पाहू द्या.

मराठी शब्द समजून घ्यायला मराठी विश्वकोश फार उपयोगी आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली सुरू झालेलं हे काम आज ऑनलाइन, फुकट वाचायला मिळतं. संकल्पना समजायला तो उत्तम. मात्र खंड जुने आहेत, त्यामुळे आजचे आकडे आणि नियम यांच्यासाठी पुढे जावं लागतं, हेही मुलांना सांगावं.

दुसरी पायरी : हे पान कोणाचं?

‘पिण्याच्या पाण्याचा टीडीएस किती असावा’ असं शोधून पाहा. वरची बरीचशी पानं फिल्टर विकणाऱ्यांची निघतील. काहींवर ‘प्रायोजित’ असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, काहींवर तेही नसतं. विकणारा खोटंच बोलतो असं नाही. पण ज्याला तुम्ही घाबरल्यावर फायदा होणार आहे, त्याच्या आकड्याकडे दुसऱ्यांदा बघायला हवं. बाजारात भाजी घेताना आपण हेच करतो ना? एकाच गाडीवर भाव विचारून घरी येत नाही.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांचा एक अभ्यास शिक्षकांनी जरूर माहीत करून घ्यावा. त्यांनी 10 इतिहासतज्ज्ञ, 10 व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि स्टॅनफर्डचेच 25 विद्यार्थी यांना संकेतस्थळं तपासायला दिली. विद्वान इतिहासतज्ज्ञ आणि हुशार विद्यार्थी पान वरपासून खालपर्यंत वाचत बसले, देखणी रचना आणि भारदस्त नाव पाहून अनेकदा फसले. तथ्यतपासनीस मात्र त्या पानावर जास्त वेळ थांबलेच नाहीत. त्यांनी लगेच नवी खिडकी उघडून ‘या संस्थेबद्दल इतर लोक काय म्हणतात’ ते शोधलं. कमी वेळात त्यांचा निष्कर्ष जास्त बरोबर आला.

आपण वर्षानुवर्षं मुलांना “नीट, लक्षपूर्वक वाचा” असं शिकवतो. पुस्तकासाठी ते योग्यच आहे, कारण पुस्तक निवडण्याचं काम आधीच कुणीतरी केलेलं असतं. इंटरनेटवर मात्र आधी शेजारीपाजारी चौकशी करायची आणि मग वाचायला बसायचं. मुलगी द्यायच्या आधी घराची चौकशी गावातल्या चार लोकांकडे करतात, त्या घरातल्या माणसांकडे नाही. मुलांना हे लगेच समजतं.

तिसरी पायरी : आकड्याचं मूळ गाव

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही पायरी, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नेटवर एक तक्ता सगळीकडे फिरतो. टीडीएस 300 पेक्षा कमी म्हणजे ‘उत्तम’, 300 ते 600 ‘चांगलं’, 600 ते 900 ‘बरं’, 900 ते 1200 ‘खराब’ आणि त्यापुढे ‘अयोग्य’. खाली जागतिक आरोग्य संघटनेचं नाव. मुलं हा तक्ता अगदी सुबक अक्षरात प्रकल्पात उतरवतात आणि त्याखाली लिहितात, ‘300 पेक्षा जास्त टीडीएस आरोग्यास हानिकारक आहे.’

आता मूळ गावी जाऊ या. हा तक्ता संघटनेच्या कागदपत्रांत खरोखर आहे. पण तो आहे चवीचा! पाणी चाखून पाहणाऱ्या लोकांनी दिलेल्या पसंतीवरून ही वर्गवारी झालेली आहे. टीडीएससाठी आरोग्यावर आधारित अशी मर्यादाच या संघटनेने घातलेली नाही. साधारण 600 मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत चव चांगली लागते आणि 1000 च्या पुढे पाणी नकोसं वाटायला लागतं, एवढंच तिचं म्हणणं. आकडा खरा, संस्थेचं नाव खरं, फक्त त्यातला ‘चव’ हा शब्द वाटेत गळून गेला. एक शब्द गळला आणि अर्थ पार बदलला. खोटी बातमी ओळखण्यापेक्षा हे ओळखणं अवघड असतं, आणि म्हणूनच ते शिकवायला हवं.

आपल्या देशाचं काय? पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ब्युरोचं मानक आहे, आयएस 10500, साल 2012. त्यात टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा 500 मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. दुसरा स्रोतच उपलब्ध नसेल तर 2000 पर्यंत चालतं. फ्लोराइडसाठी हेच आकडे 1 आणि 1.5 आहेत. नायट्रेटला 45 च्या पुढे सूट नाही. आणि जंतूंच्या बाबतीत तर 100 मिलिलिटर पाण्यात कोलिफॉर्म सापडताच कामा नये.

हा तक्ता इंग्रजीत आहे. “मराठी माध्यमाच्या मुलांना कसं झेपणार?” असं काही जण विचारतील. झेपतं. तक्ता वाचायला फार इंग्रजी लागत नाही. रकान्याचं शीर्षक, आकडा आणि एकक या तीन गोष्टी वाचता आल्या की झालं. मुलांची इंग्रजीची भीती अशा खऱ्याखुऱ्या कामानेच जाते.

इथे शोधाच्या दोन-तीन युक्त्या शिकवून टाकाव्यात. नेमका शब्दसमूह हवा असेल तर तो अवतरणचिन्हांत लिहावा. फक्त सरकारी पानं हवी असतील तर शोधशब्दांपुढे इंग्रजी अक्षरांत ‘साइट’, मग दोन टिंबं आणि लगेच ‘जीओव्ही डॉट इन’ असं लिहावं. मध्ये मोकळी जागा सोडू नये. अहवाल हवा असेल तर शेवटी ‘पीडीएफ’ जोडून बघावं. बस. याहून जास्त युक्त्या आठवी-नववीला लागत नाहीत.

चौथी पायरी : तारीख

2019 च्या मे महिन्यात राष्ट्रीय हरित लवादाने पर्यावरण मंत्रालयाला निर्देश दिले, की जिथे पाण्याचा टीडीएस 500 पेक्षा कमी आहे तिथे आरओच्या वापरावर बंदी घालणारी अधिसूचना काढावी. आरओमध्ये बरंच पाणी वाया जातं, हे त्यामागचं मोठं कारण. नेटवर मथळे दिसतात ते ‘आरओवर बंदी’ असे. मुलगा लिहितो, “भारतात आरओवर बंदी आहे.” पण निर्देश निघाले म्हणून घरोघरचे फिल्टर दुसऱ्या दिवशी बंद झाले नाहीत. बातमी वाचली की दोन गोष्टी विचारायला शिकवा. ही कधीची? आणि पुढे काय झालं?

पाचवी पायरी : हाताने करून पाहा

शोध पडद्यावरच संपला तर तो अर्धाच राहतो. टीडीएस मीटर काहीशे रुपयांत मिळतो. शाळेसाठी एक घ्या. दोन ग्लासांत सारखं पाणी घ्या. एकात चिमूटभर मीठ विरघळवा, दुसऱ्यात चमचाभर साखर. मीठाच्या ग्लासात आकडा झपाट्याने चढतो. साखरेच्या ग्लासात तो जवळपास हलतच नाही! वर्गात एकच गलका होतो, “सर, साखर तर विरघळली आहे, मग दिसत का नाही?”

कारण हा मीटर विरघळलेले पदार्थ मोजतच नाही. तो पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून अंदाज सांगतो. मीठाचे आयन होतात, साखरेचे होत नाहीत. मग पुढचा प्रश्न मुलंच विचारतात, “म्हणजे यात जंतूही दिसत नसणार?” नाहीच दिसत. आकडा 150 आला तरी त्या पाण्याने जुलाब होऊ शकतात, आणि 700 आला तरी ते पाणी कित्येक वर्षं पिणारी धडधाकट गावं असू शकतात.

त्या तांबूस पाण्याचं रहस्यही असंच उकलता येतं. मात्र विक्रेत्याचं ते यंत्र घरच्या विजेवर चालतं, त्याच्या वाटेला अजिबात जाऊ नका. 9 व्होल्टची बॅटरी, वायर आणि दोन लोखंडी खिळे पुरेत, आणि प्रयोग शिक्षकांसमोरच व्हावा. फिल्टरच्या पाण्यात खिळे सोडले तर फारसं काही होत नाही, कारण त्यात क्षार कमी, वीज वाहत नाही. त्याच ‘शुद्ध’ पाण्यात थोडं मीठ टाका, थोडा वेळ थांबा. पाणी गढूळ होऊन तांबूस व्हायला लागतं. रंग पाण्यातल्या घाणीचा नाही, खिळ्यातून सुटलेल्या लोखंडाचा आहे. ज्या मुलीने हे स्वतः पाहिलंय, तिच्या घरी तो विक्रेता आला तर ती गप्प बसणार नाही.

उत्तर गावागणिक वेगळं

मग आरओ घ्यावा की नाही? अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात राहणाऱ्या मुलाचं उत्तर वेगळं असेल, कारण तिथल्या जमिनीखालचं पाणी मुळातच खारं आहे. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत प्रश्न फ्लोराइडचा आहे आणि तो टीडीएस मीटरवर कळत नाही, पाणी प्रयोगशाळेतच तपासून घ्यावं लागतं. आणि धरणाचं, प्रक्रिया केलेलं पाणी ज्यांच्या नळाला येतं त्यांच्याकडे क्षार बहुधा कमीच असतात. त्यांनी विचारायचं ते क्लोरिनबद्दल.

म्हणजे शोधाची शेवटची पायरी इंटरनेटवर नाहीच, गावात आहे. ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक ओ. टी. चाचणी कशी करतात ते मुलांना पाहू द्या. त्यांना शाळेत बोलवा. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या महिलांना पाणी तपासण्याच्या संचाचं प्रशिक्षण दिलं जातं, कदाचित वर्गातल्याच कुणाची तरी आई त्यात असेल. गावच्या पाण्याचा तपासणी अहवाल पाहायला मागा. तो हातात आला की मुलं आयएस 10500 शेजारी ठेवून एकेक ओळ ताडून बघतात. त्या दिवशी त्यांना कळतं की आपण शोधलेलं कशासाठी होतं.

“आता तर एआय सगळं सांगतं की!”

हा आक्षेप हल्ली रोज ऐकू येतो. चॅटबॉट छान मराठीत, न अडखळता उत्तर देतो, खरं आहे. पण तो चुकतो तेव्हाही तितक्याच आत्मविश्वासाने बोलतो, आणि कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकांची नावं संदर्भ म्हणून देतो. बंदी घालून उपयोग नाही. मुलं घरी वापरणारच. माझ्या मते नियम एवढाच ठेवावा. शब्द शोधायला, अवघड उतारा समजून घ्यायला एआय वापरा, पण प्रकल्पातला प्रत्येक आकडा मूळ कागदावर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला हवा. ‘एआयने सांगितलं’ आणि ‘शेजारच्या काकांनी सांगितलं’ या दोन्हींचं वजन सारखंच.

दुसरा आक्षेप वेळेचा. “अभ्यासक्रम कधी संपवायचा?” पाच पायऱ्यांना आठवड्याला एक तासिका धरली तर पाच-सहा आठवडे लागतात. तेवढ्या वेळात आयन, विद्रावण, विद्युत अपघटन, एककं आणि तक्तावाचन यांची उजळणीही होते. तिसरा आक्षेप मोबाइलचा. प्रत्येकाच्या हातात मोबाइल लागत नाही, उलट नसलेलाच बरा. पाच मुलांत एक पुरतो. एक जण टाइप करतो, एक नोंद करतो, बाकीचे वाद घालतात. रेंज नसेल तर दोन-तीन पानं आधीच छापून न्या आणि ‘यातलं कोणतं कोणाचं?’ एवढंच विचारा.

गुण कशाला द्यायचे?

इथे आपलीच जबाबदारी येते. आपण सजावटीला गुण दिले तर मुलं सजावट आणतील. म्हणून माझी सूचना अशी की 20 गुणांपैकी 10 गुण शोधाच्या नोंदवहीला ठेवावेत. त्यात मुलाने पाच गोष्टी लिहायच्या :

1. कोणते शब्द टाकून शोधलं आणि नंतर ते का बदलले?
2. कोणती पानं उघडली आणि ती कोणाची होती?
3. कोणत्या दोन ठिकाणी माहिती जुळली नाही?
4. मुख्य आकडा मुळात कुठला आणि कोणत्या सालचा?
5. माझा निर्णय काय आणि कशामुळे तो बदलू शकेल?

ही नोंदवही झेरॉक्सच्या दुकानात मिळत नाही!

पालकांना एवढीच विनंती. मूल मोबाइल घेऊन प्रकल्पाला बसलं की “लवकर आटप” म्हणू नका. पाच मिनिटं शेजारी बसा आणि एकच विचारा, “हे कोण म्हणतंय रे, आणि त्याला कसं माहीत?” तुम्हाला त्या विषयातलं काही येत नसलं तरी हा प्रश्न विचारता येतो. आणि घरात फिल्टर, फ्रीज किंवा इन्व्हर्टर घ्यायचा असेल तेव्हा मुलाला त्या चौकशीत सामील करून घ्या. घरच्या पैशाचा प्रश्न असला की मुलं फार काळजीपूर्वक शोधतात.

शिक्षक मित्रांनो, या वर्षी सगळे प्रकल्प बदलायची गरज नाही. एकच बदला. पाण्याचा घ्या, किंवा “आमच्या शाळेच्या छपरावर पावसाळ्यात किती लिटर पाणी पडतं?” हा घ्या, किंवा “पाच तारांकित फ्रीजचे जादा पैसे किती वर्षांत वसूल होतात?” हा. प्रश्न तुमच्या गावचा असू द्या आणि त्याचं तयार उत्तर तुमच्याकडेही नसू द्या. मुलांबरोबर तुम्हीही शोधायला बसा. शोधायचं कसं हे मुलं आपल्याला शोधताना बघूनच शिकतात.